सोयाबीनचा पैसा आखाडापर्यंत कसा पुरवावा?



नोकरदाराच्या घरात दर महिन्याला पगार येतो. मराठवाडा-विदर्भातल्या आपल्या कोरडवाहू घरात पैसा येतो तो दसरा-दिवाळीला, सोयाबीन बाजारात गेले की. तूर असली तर शिमग्याच्या आत आणखी थोडा. खर्च मात्र बाराही महिन्यांचा. मृगाचा पाऊस पडला की बियाणे, खत, पोरांच्या वह्या-पुस्तके सगळे एकदम समोर उभे राहते. त्या वेळी हात रिकामा असला की पाऊल सावकाराच्या दारी वळते.

शेकडा तीन हा दर ऐकायला थोडा वाटतो. पण तो महिन्याचा असतो. २०,००० रुपये घेतले तर महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,२०० रुपये नुसते व्याज. मुद्दल तसेच उभे! म्हणून आखाडाची तजवीज दिवाळीतच करावी.

पैसा आला त्याच दिवशी वाटणी करा

समजा, हाती १,२०,००० रुपये आले. नवरा-बायकोने एकत्र बसून त्याचे चार भाग करावेत.

१) पीक कर्जाची परतफेड – ४०,००० रुपये. पात्र शेतकऱ्याने ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले, तर महाराष्ट्रात २०२१ पासून डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे त्याला व्याज पडत नाही. शिवाय पुढच्या पेरणीसाठी नवे कर्ज मिळण्याची वाट मोकळी राहते. मुदतीची तारीख सोसायटीच्या गटसचिवाला किंवा बँकेत विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

२) घरखर्च – ६०,००० रुपये, म्हणजे महिना ५,०००. ही रक्कम बँकेत ठेवून दर महिन्याला तेवढीच काढावी. दूध-अंड्यांचे पैसे येतील ते वरकड.

३) दवाखाना व अडीनड – १०,००० रुपये. याला सणासाठी हात लावू नये.

४) सणवार, लग्नकार्य, कपडालत्ता – १०,००० रुपये.

आपले आकडे वेगळे असतील, पण भाग चारच ठेवा.

खर्च कुठे कमी होईल?

एक जुनी वही घ्या. डाव्या पानावर घर, उजव्या पानावर शेत. रोजचा खर्च रोज लिहा. महिनाभरात गळती आपोआप दिसते. फाट्यावरचा चहा, तंबाखू, पुडी यांत रोज ३० रुपये गेले तर वर्षाचे १०,९५० होतात. आपल्या वाटणीतला दवाखान्याचा भाग याहून लहान आहे!

किराणा उधारीवर घेतला की भावात घासाघीस करता येत नाही. महिन्याचा माल रोखीने, एकदम घ्या. घरची तूर सगळी विकून पुन्हा डाळ विकत आणू नका. वर्षाची डाळ आधी बाजूला काढा. न्हाणीच्या सांडपाण्यावर वांगी, दोडका, शेवगा सहज येतो.

सोयाबीनचे बियाणे दर साल नवे घ्यावे लागत नाही. घरचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि आठवड्याने मोजा. ७० किंवा जास्त दाणे चांगले उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते.

कुठे कात्री लावू नये?

लेकरांची शाळा, त्यांच्या ताटातले दूध-अंडे, आजाऱ्याचे औषध आणि पिकाचा विमा यांत काटकसर करू नका. आज वाचवलेले शंभर रुपये उद्या हजारांनी भरावे लागतात. घरच्या लक्ष्मीने आपले दुखणे अंगावर काढणे ही तर बचतच नव्हे.

वही कोणी लिहावी? घरात शिकणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर त्याच्याकडे द्या. पोरांना आपल्या घरचा हिशेब कळला, तर जत्रेत हट्टही कमी होतो आणि सावकाराच्या कागदावर अंगठा देण्याची वेळ पुढच्या पिढीवर येत नाही.