पाठ टेकली की नाही?

देवगडच्या पुळणीवर संध्याकाळी मुलांचा कबड्डीचा डाव रंगला, की एक भांडण बहुधा ठरलेलेच असते. चढाईस गेलेल्या गड्याला चौघे मिळून धरतात, तो हात लांबवून मध्यरेषा गाठण्याची शिकस्त करतो, आणि सारे उठून उभे राहिले, की एक पक्ष म्हणतो, "टेकला!" व दुसरा म्हणतो, "नाही टेकला!" वाळूत ओढलेली रेघ तर झटापटीत केव्हाच पुसली गेलेली असते. मग तो डाव पुन्हा खेळावयाचा, एवढ्यावर तंटा मिटतो. परंतु जेथे वर्षावर्षाची मेहनत आणि मानाची गदा पणाला लागलेली असते, तेथे तो इतक्या सहज मिटत नाही.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे असाच प्रसंग घडला. 'महाराष्ट्र केसरी' हा किताब १९६१ पासून दिला जात आहे. या स्पर्धेत मातीवरील कुस्ती आणि गादीवरील कुस्ती असे दोन विभाग असतात व दोहोंतील विजेते किताबासाठी एकमेकांशी लढतात. त्या दिवशी गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत शिवराज राक्षे व पृथ्वीराज मोहोळ समोरासमोर आले. पंचांनी राक्षे चीत झाल्याचे जाहीर केले. आपले दोन्ही खांदे गादीस टेकलेच नव्हते, असे राक्षे यांचे म्हणणे होते. चित्रफीत पाहून निर्णय तपासावा, अशी मागणी त्यांच्या बाजूने झाली. निर्णय मात्र बदलला नाही.

चीत होणे म्हणजे नेमके काय? आपल्या भाषेत 'अस्मान दाखविणे' असा शब्दप्रयोग आहे. पाठ भुईला लागली, की मल्लाला आकाशच दिसावयाचे! हरलेल्याच्या 'पाठीला माती लागली' असेही म्हणतात. लाल मातीच्या आखाड्यात ही माती काही अंशी साक्षीदाराचे काम करीत असे. गादीवर अशी साक्ष उरत नाही. तेथे नियम असा, की दोन्ही खांदे एकाच वेळी गादीस टेकलेले असावेत आणि पंचाला खात्री पटण्याइतका वेळ ते प्रतिस्पर्ध्याने दाबून धरलेले असावेत. एक खांदा टेकला व दुसरा दोन बोटे वर राहिला, तर तो मल्ल हरलेला नाही.

ही दोन बोटांची जागा दिसणे फार अवघड असते. वर असलेल्या मल्लाच्या अंगाखाली पलीकडचा खांदा झाकला जातो. म्हणून गादीवरचा पंच कधी गुडघ्यांवर येतो, तर कधी पोटावर पालथा पडून डोळा गादीला भिडवितो. प्रेक्षकांना हे दृश्य गमतीचे वाटते. पण त्याच्या कामातील सर्वांत कठीण क्षण तोच होय. एकाच बाजूने पाहणाऱ्या डोळ्यावर सारा भार पडू नये, म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांनी तिघांची योजना केली आहे : गादीवरील पंच, कडेला बसलेला दुसरा पंच आणि गादीप्रमुख. गादीवरील पंचाला चीत वाटले, तरी उरलेल्या दोघांपैकी एकाची तरी संमती मिळाल्याखेरीज कुस्ती निकालात काढता येत नाही.

गुणांवरूनही असेच वाद होतात. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातील स्पर्धेत महेंद्र गायकवाड यांनी सिकंदर शेख यांच्यावर बाहेरची टांग लावली व त्यांना चार गुण मिळाले. प्रतिस्पर्ध्याला नुसते खाली आणले, तर दोन गुण. खाली येतानाच त्याची पाठ धोकादायकरीत्या गादीकडे वळली, तर चार. सिकंदर यांची पाठ तितकी वळली होती काय, याचा काथ्याकूट गावोगावी चालला. त्या चर्चेत 'दोघांत श्रेष्ठ मल्ल कोण?' हाही प्रश्न मिसळला गेला. पंचाला तो प्रश्न विचारलेलाच नसतो. त्या एका क्षणी नियमातील अट पुरी झाली की नाही, एवढेच त्याला सांगावयाचे असते.

मुष्टियुद्धात मात्र पंचाला श्रेष्ठ कोण, हेच ठरवावे लागते. टोकियो येथे जुलै २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिक लढतीत मेरी कोम यांचा कोलंबियाच्या इंग्रित वालेन्सिया यांनी पराभव केला. तीनपैकी दुसऱ्या व तिसऱ्या फेरीत पाच पंचांपैकी तिघांनी मेरी कोम यांनाच सरस ठरविले होते. मग त्या हरल्या कशा? प्रत्येक फेरीत सरस ठरणाऱ्यास दहा व दुसऱ्यास नऊ किंवा त्याहून कमी गुण मिळतात, आणि प्रत्येक पंच आपापल्या तीन फेऱ्यांची बेरीज वेगळी करतो. पहिली फेरी चार पंचांनी वालेन्सिया यांना दिली होती. बेरजा झाल्या, तेव्हा तीन पंचांच्या कागदावर त्या पुढे होत्या व दोघांच्या कागदावर मेरी कोम. आपण जिंकलो, असेच मेरी कोम यांना आधी वाटले होते!

गादीवरील कुस्तीत गुणांविषयी हरकत घेण्याची रीतही ठरलेली आहे. गुण दर्शविल्यावर पाच सेकंदांच्या आत मल्लाच्या प्रशिक्षकाने मऊ ठोकळा गादीवर टाकावयाचा. मग चित्रफीत पाहिली जाते. हरकत खरी ठरली, तर गुण बदलतात. फोल ठरली, तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण जास्त मिळतो. उगाच शंका काढणाऱ्याने तिची किंमत मोजावी, हे योग्यच होय.

अहिल्यानगरला त्या दिवशी वाद वाढत गेला आणि संतापाच्या भरात राक्षे यांनी पंचाला लाथ मारली. त्यानंतर किताबाच्या कुस्तीतही महेंद्र गायकवाड गुणाच्या वादावरून गादी सोडून गेले व मोहोळ 'महाराष्ट्र केसरी' ठरले. राक्षे व गायकवाड यांना तीन वर्षांसाठी निलंबित केल्याचे जाहीर झाले. खांदे टेकले होते की नाही, हा मूळ प्रश्न मोलाचा होता आणि तो विचारण्याचा राक्षे यांना अधिकारही होता. पण लाथ साऱ्या महाराष्ट्राने पाहिली, आणि लोक खांद्यांविषयी बोलावयाचे सोडून लाथेविषयीच बोलू लागले.