प्रतिक्षिप्त क्रियेचा आलेख आणि गुइलेन बॅरे सिंड्रोम

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव आणि किरकटवाडी परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. एरवी वर्षभरात लाखात एक-दोघांना होणाऱ्या या आजाराचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण काही आठवड्यांत नोंदले गेले आणि काहींचा मृत्यू झाला. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय या जीवाणूचा अंश अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत आढळला. या जीवाणूच्या आवरणाचे मज्जातंतूंशी साम्य असल्याने शरीराची प्रतिकारशक्ती जीवाणूबरोबर स्वतःच्या मज्जातंतूंवरही हल्ला चढवते. पायांपासून सुरू झालेली दुर्बलता श्वसनाच्या स्नायूंपर्यंत पोहोचली, तर रुग्णाला कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागते.

अशा रुग्णाच्या गुडघ्याखाली डॉक्टर प्रथम रबरी हातोडीने हलका आघात करतात. निरोगी माणसाचा पाय आपोआप उडतो, कारण स्नायू ताणल्याचा संदेश मेरुरज्जूपर्यंत जाऊन तेथूनच परततो. या आजारात बहुतेक रुग्णांचा पाय निश्चल राहतो.

हीच क्रिया विद्युत उपकरणाने मोजता येते. गुडघ्यामागील मज्जातंतूला सौम्य विद्युत झटका दिला की पोटरीवर लावलेल्या पट्ट्या दोन लहरी टिपतात. झटका थेट स्नायूकडे गेल्याने पहिली लहर काही मिलिसेकंदांत उमटते. मेरुरज्जूला वळसा घालून येणारी दुसरी लहर सुमारे ३० मिलिसेकंदांनी उमटते. जर्मन शास्त्रज्ञ पॉल हॉफमन यांनी १९१० मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती ‘एच’ प्रतिक्षेप या नावाने ओळखली जाते. ही दुसरी लहर नाहीशी होणे, हे आजाराच्या आरंभीच्या खुणांपैकी एक होय.

मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो, हेही पाहिले जाते. हातात हा वेग सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा अधिक असतो. तंतूवरील मायलिनचे आवरण झिजले, तर वेग मंदावतो. तंतूचा गाभाच दुखावला, तर वेग फारसा न घटता लहरीची उंची कोसळते. कॅम्पिलोबॅक्टरच्या संसर्गानंतर हा दुसरा प्रकार अधिक आढळतो.

मात्र पहिल्या काही दिवसांत आलेख सर्वसाधारण येऊ शकतो. इम्युनोग्लोब्युलिनचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरतात. त्यामुळे लक्षणे स्पष्ट असताना यंत्राच्या कौलाची वाट पाहणे हितावह नसते.

१९१६ मध्ये फ्रान्सच्या लष्करी रुग्णालयातील दोन सैनिकांवर लिहिलेल्या मूळ शोधनिबंधाचे लेखक तिघे होते. त्यांपैकी आंद्रे स्ट्रोल यांनी प्रतिक्षिप्त क्रियांचे आलेख घेतले होते. आजाराच्या रूढ नावातून गळले ते नेमके त्यांचेच नाव!

स्नायूत बारीक सुई घालून केली जाणारी इलेक्ट्रोमायोग्राफी, म्हणजेच ईएमजी, पुढील टप्प्यात उपयोगी पडते. विश्रांतीत निरोगी स्नायू विद्युतदृष्ट्या शांत असतो. मज्जातंतूशी संबंध तुटलेल्या स्नायूत मात्र साधारण दोन ते तीन आठवड्यांनी आपोआप सूक्ष्म स्पंदने उमटू लागतात. तुटलेला तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने वाढतो. त्यामुळे अशी स्पंदने विपुल आढळलेल्या रुग्णाला पुन्हा चालू लागण्यास कित्येक महिने लागू शकतात.