नव्या आवृत्तीचा मुहूर्त

जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांत दिवाळीच्या सुमारास उसाच्या गाड्या रस्त्यावर दिसूं लागतात. निवृत्तिनगरचा विघ्नहर आणि पारगांवचा भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांचें गाळप एकदां सुरू झालें, कीं उन्हाळा लागेपर्यंत वजनकाट्यास विसांवा नसतो. प्रत्येक खेपेचें वजन नोंदलें जातें आणि त्यावरून शेतकऱ्याचें बिल होतें. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशान्वयें ऊस पोंचल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत चुकती झाली पाहिजे. अशा हंगामांत हिशेबाचें सॉफ्टवेअर चार दिवस जरी अडलें, तरी त्याची झळ थेट शेतकऱ्याच्या घरास लागते. म्हणूनच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती किती वेळां आणि केव्हां निघावी, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नव्हे.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या बाबतींत तो अधिक बिकट होतो. अशा सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणासहि वाचतां, बदलतां आणि इतरांस देतां येते. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीनें तयार केलेलें ‘ईआरपीनेक्स्ट’ हें याच जातीचें. खरेदी, विक्री, सांठा आणि जमाखर्च हीं सर्व कामें त्यांत होतात. ठिकठिकाणचे लोक त्यांत भर घालीत असल्यामुळें बदल सतत चालूच असतात. मग रोजच नवी आवृत्ती कां काढूं नये?

या मताच्या बाजूनें एक गोष्ट खरी आहे. बदल लहान असला, म्हणजे चूक कोठें झाली तें लौकर सांपडतें. विहिरींतील गाळ दरसाल काढला, तर तें चार माणसांचें काम असतें. वर्षानुवर्षें सांचूं दिला, तर विहीरच बंद ठेवावी लागते. परंतु वापरणाऱ्याची बाजूहि विचारांत घेतली पाहिजे. प्रत्येक मोठ्या बदलाबरोबर कारकुनास नव्या संवयी लावून घ्याव्या लागतात. शिवाय स्थानिक गरजेप्रमाणें जोडलेले भाग नव्या आवृत्तींत चालतीलच असें नाहीं. ते पुन्हां तपासावे लागतात.

यांतून सुटण्याचा मार्ग म्हणजे दुरुस्ती आणि नवी आवृत्ती यांत भेद करणें. २२ सप्टेंबर २०२५ रोजीं वस्तु व सेवा कराचे दर बदलले; ट्रॅक्टर आणि ठिबक सिंचनाचें साहित्य यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नारायणगांवच्या विक्रेत्यासहि त्या दिवसापासूनच नव्या दरानें बिल करणें भाग होतें. असा कायद्याचा बदल किंवा सुरक्षिततेंतील छिद्र बुजविणारी दुरुस्ती तत्काळ आली पाहिजे. मात्र तिच्याबरोबर पडद्याची सारी मांडणी बदलूं नये.

मोठ्या बदलांस वर्षांतून एक वेळ पुरे. ईआरपीनेक्स्टची तेरावी आवृत्ती २०२१ मध्यें, चौदावी २०२२ मध्यें आणि पंधरावी २०२३ मध्यें निघाली. ‘उबंटू’ या मुक्तस्रोत प्रणालीची नवी आवृत्ती साधारणतः दर सहा महिन्यांनीं निघते. पण दर दोन वर्षांनीं येणाऱ्या एका आवृत्तीस पांच वर्षें दुरुस्त्या पुरविल्या जातात. ज्यांस स्थैर्य हवें, ते हीच आवृत्ती निवडतात.

आतां महिना कोणता? कारखान्यास पावसाळा सोयीचा, कारण गाळप थांबलेलें असतें. व्यापाऱ्यास मार्चअखेर मुळींच नको. सर्वांस सोयीचा एकच मुहूर्त नाहीं. म्हणून निर्मात्यांनीं तारीख आगाऊ जाहीर करावी आणि जुन्या आवृत्तीची दुरुस्ती निदान दोन वर्षें चालूं ठेवावी. आवृत्ती काढण्याचा दिवस त्यांनीं ठरवावा. ती स्वीकारण्याचा दिवस वापरणाऱ्याच्या हातीं राहावा. आणि वापरणाऱ्यानेंहि जुन्या नोंदींची प्रत नव्या आवृत्तींत घालून एका पंधरवड्याचीं बिलें दोन्हींकडे काढून ताडून पाहावीं. पैचाहि फरक पडला नाहीं, तरच जुनी आवृत्ती बाजूस ठेवावी.