प्रॉडक्ट डिझायनर : कार्याचे स्वरूप आणि व्यवसायाची वाट

प्रस्तावना :

‘डिझाइनचे शिक्षण घ्यावयाचे आहे’ असे विद्यार्थी म्हणतो, तेव्हा पालकांच्या डोळ्यांसमोर बहुधा कपडे किंवा घराची अंतर्गत सजावट येते. पंखा, मिक्सर, रुग्णालयातील खाट यांसारख्या वस्तूंचाही कोणीतरी विचारपूर्वक आराखडा केलेला असतो आणि तो एक स्वतंत्र व्यवसाय आहे, ही जाणीव आपल्याकडे अद्याप मर्यादित आहे. परिभाषेत ‘अभिकल्प’ हा शब्द उपलब्ध असला तरी तो पुस्तकाबाहेर फारसा आला नाही. म्हणून प्रस्तुत लेखात ‘डिझाइन’ व ‘डिझायनर’ हेच रूढ शब्द स्वीकारले आहेत.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल सादर केला. त्यात त्यांनी चांगल्या डिझाइनचा नमुना म्हणून आपला साधा लोटा निवडला. त्यात किती पाणी मावते, भरल्यावर व रिकामा असताना तो हातात वा कमरेवर कसा तोलला जातो, धार कशी पडते, या प्रश्नांची उत्तरे अनेक पिढ्यांनी मिळून त्या आकारात साठविली आहेत. जे काम पिढ्यांनी केले ते आता एका व्यक्तीला काही महिन्यांत करावयाचे असते. प्रॉडक्ट डिझायनरची अडचण नेमकी हीच होय. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. १९६९ मध्ये पवई येथील आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. प्रा. सुधाकर नाडकर्णी हे त्याचे संस्थापक प्रमुख होत.

मतदान यंत्राचे उदाहरण :

डिझायनरच्या कार्याचे स्वरूप समजून घेण्यासाठी इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्रासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. यंत्राची निर्मिती दोन सार्वजनिक उपक्रमांनी केली. त्याचे बाह्य स्वरूप मात्र पवईच्या याच केंद्रातील प्रा. ए. जी. राव व प्रा. रवी पूवय्या यांनी घडविले. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत ते सर्व मतदारसंघांत वापरले गेले.

या यंत्राचा वापरकर्ता कोण, हा पहिला प्रश्न. तो देशातील कोणताही प्रौढ नागरिक असू शकतो. निरक्षर असेल, वृद्ध असेल, आयुष्यात पहिल्यांदाच बटण दाबत असेल. त्याला प्रशिक्षण देता येत नाही आणि मतदानकक्षात शेजारी उभे राहून मदतही करता येत नाही, कारण मत गुप्त आहे. म्हणून कागदी मतपत्रिकेची ओळखीची मांडणी कायम राहिली : उमेदवाराचे नाव, पुढे चिन्ह आणि शिक्क्याच्या जागी निळे बटण. बटण दाबताच शेजारचा लाल दिवा लागतो व लांब आवाज होतो. डोळ्यांना आणि कानांना अशा दोन्ही मार्गांनी ‘मत नोंदले गेले’ हे कळते. आवाज कक्षाबाहेरील अधिकाऱ्यालाही ऐकू येतो. दिवा मात्र फक्त मतदाराला दिसतो. ज्या बटणांसमोर उमेदवार नाही ती झाकलेली असतात.

यंत्राचे दोन भाग आहेत. मतदान एकक कक्षात, तर नियंत्रण एकक अधिकाऱ्यापुढे असते व दोन्ही केबलने जोडलेली असतात. अधिकाऱ्याने आपल्याकडील बटण दाबून परवानगी दिल्याशिवाय मत देता येत नाही आणि एका परवानगीत एकच मत नोंदते. यंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज नसलेल्या पाड्यावरही ते नेता येते. येथे सौंदर्याचा विचार नव्हता असे नाही. परंतु प्रत्येक निर्णयामागे अनोळखी मतदाराची अडचण होती. या यंत्राविषयीचे राजकीय वाद स्वतंत्र विषय आहेत. त्यांचा रोख मुख्यत्वे आतील प्रणालीवर राहिला आहे.

आराखड्यापासून साच्यापर्यंत :

निरीक्षण, कच्ची रेखाटने, पुठ्ठा वा थर्माकोलच्या प्रतिकृती, प्रत्यक्ष वापरकर्त्यांकडून चाचणी हा क्रम पाठ्यपुस्तकांत सांगितलेला असतो. प्रत्यक्षात डिझायनर पुनःपुन्हा मागे फिरतो. मात्र एका टप्प्यानंतर ही मुभा संपते. प्लास्टिकच्या वस्तूचा पोलादी साचा कोरून झाला की दुरुस्ती अतिशय महाग पडते. म्हणून वस्तू साच्यातून सहज निघावी यासाठी भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो. जाडी असमान राहिल्यास थंड होताना पृष्ठभागावर खळगे पडतात. ही जाण नसलेला डिझायनर केवळ चित्रकार ठरतो.

शिवाय वस्तूवर त्याचे नाव नसते. डिझाइन अधिनियम, २००० नुसार नवीन आकाराची नोंदणी करून दहा वर्षे, आणि वाढवून आणखी पाच वर्षे, संरक्षण मिळते. नोकरीत केलेल्या कामाचा हक्क मात्र सामान्यतः कंपनीकडे जातो. अज्ञात राहण्याची तयारी नसेल तर या क्षेत्रात निराशा येण्याचा संभव अधिक.

प्रवेशाची वाट :

अलीकडे ‘प्रॉडक्ट डिझायनर’ या पदनामाचा अर्थही बदलला आहे. अनेक जाहिरातींत ते मोबाइल अॅपचे पडदे व त्यांतील क्रम आखणाऱ्यासाठी वापरले जाते. विचारपद्धती सारखी असली तरी साचा, धातू, वजन यांचे ज्ञान तेथे लागत नाही. अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी हा भेद पाहणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रात इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेतील ‘अ’ श्रेणी म्हणजे डिझाइनची पात्रता, असा समज आढळतो. चित्रकला उपयोगी आहे. परंतु यूसीड या पदवी प्रवेशपरीक्षेत निरीक्षण, अवकाशीय कल्पना व तर्क यांचीही कसोटी लागते. कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही शाखेतून बारावी करणारा विद्यार्थी ती देऊ शकतो. हे दार एवढे रुंद असूनही ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थी तेथे पोहोचत नाही, याची दोन कारणे ठळक आहेत. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. आणि परीक्षा जानेवारीत होते, अर्ज त्याआधीच्या हिवाळ्याच्या तोंडावर भरावे लागतात. बारावीचा निकाल लागल्यावर चौकशी करणाऱ्याचे एक वर्ष तेव्हाच गेलेले असते आणि परीक्षेच्या संधी तर दोनच मिळतात.

अशा विद्यार्थ्यासाठी पदव्युत्तर स्तरावरील सीड ही परीक्षा खुली राहते. तिला वयाची अट नाही, प्रयत्नांची मर्यादा नाही. बी.ए. झालेला तसेच जी.डी. आर्ट पदविका घेतलेला उमेदवारही तिला बसू शकतो.