दिवाणजी बदलावे की ठेवावे?

मध्यमवर्गीय माणूस न्हावी, वाणी आणि डॉक्टर सहसा बदलीत नाही. न्हाव्याला आपल्या डोक्यावरच्या भोवऱ्याची जागा ठाऊक असते, वाणी एक तारखेपर्यंत थांबतो आणि डॉक्टरांना घरातल्या प्रत्येकाच्या खोकल्याचा इतिहास पाठ असतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या यादीत आणखी एका असामीची भर पडली आहे. ती म्हणजे घरच्या संगणकात बसून सगळा कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टिम. आमच्या घरी तिला दिवाणजी म्हणतात. दाबलेले अक्षर पडद्यावर नेऊन पोचविणे, प्रिंटरला निरोप देणे, कोणती फाईल कोणत्या कोनाड्यात ठेवली याची नोंद राखणे आणि बाहेरून आलेल्या कोणत्या पाहुण्याला माजघरापर्यंत येऊ द्यावयाचे ते ठरविणे, ही सगळी कामे दिवाणजींची. आपण नुसते मालक.

आमचे दिवाणजी म्हणजे विंडोज १०. ते २९ जुलै २०१५ रोजी जगात आले आणि आमच्या घरी २०१६ च्या पाडव्याला, नव्या संगणकाबरोबर. वीजबिले, पेन्शनचे कागद, सोसायटीचा जमाखर्च, सौ.च्या भिशीचा हिशेब, मुलीच्या लग्नाची आमंत्रणयादी, सगळे त्यांनी बिनतक्रार सांभाळले. मायक्रोसॉफ्टने मात्र पुष्कळ आधीच जाहीर करून ठेवले होते की, १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार नाहीत. २०२५ चे गणपती पोचवून आलो आणि एके दिवशी पडद्यावर ती सूचना झळकली.

"म्हणजे चौदा तारखेला हा बंद पडणार?" सौ.ने विचारले.

ही शंका पुष्कळ घरांत निघाली असेल, म्हणून सांगतो. बंद काही पडत नाही. पंधरा तारखेलाही संगणक तसाच सुरू होतो, पत्रे टंकतो, गाणी वाजवितो. थांबतो तो दुरुस्त्यांचा रतीब. कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बारीकसारीक भोके राहून गेलेली असतात. ती चोरांना सापडतात, तशी कंपनीलाही सापडतात, आणि कंपनी दर महिन्याला ती बुजविण्याचे साहित्य घरोघर पाठविते. मुदत संपली की नवे भोक सापडले तरी बुजवावयास कोणी येत नाही.

हे भोकाचे प्रकरण किती महागात पडते ते २०१७ साली जगाने पाहिले. विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी मार्चमध्ये पाठविली होती. मे महिन्याच्या १२ तारखेला 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम नेमका त्याच भोकातून शिरला आणि दीडशेच्या आसपास देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांतल्या फायलींना त्याने कुलपे ठोकली. किल्लीसाठी खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. विंडोज एक्सपीची मुदत तर ८ एप्रिल २०१४ रोजीच संपली होती. तिच्यासाठी त्या धांदलीत कंपनीला अपवाद म्हणून दुरुस्ती द्यावी लागली. मार्चची दुरुस्ती ज्यांनी वेळेवर चढविली होती, त्यांना या भोकातून काही झाले नाही.

तेव्हा "चालते आहे ना, मग चालू दे" हे सूत्र जुन्या मिक्सरला लागू पडते, ज्या यंत्रावरून आपण बँकेचे व्यवहार करतो त्याला पडत नाही, इतके माझ्या डोक्यात पक्के झाले. पण पुढे काय?

सरळ मार्ग विंडोज ११ चा. ती ५ ऑक्टोबर २०२१ पासून मिळू लागली आणि पात्र संगणकाला फुकट चढते. मेख आहे ती त्या 'पात्र' शब्दात. माझी भाची संगणकाच्याच धंद्यात आहे. ती रविवारी जेवावयास आली ती बेत पुरणपोळीचा आहे असे ऐकून. पण हात धुण्यापूर्वीच मी तिला संगणकापुढे बसविले. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम मिळतो, तो संगणकाची पत्रिका पाहून गुण जुळतात की नाही ते सांगतो. चार जीबी मेमरी हवी, आमच्याकडे आठ होती. चौसष्ट जीबी जागा हवी, ती होती. मग आले टीपीएम २.०. गुप्त किल्ल्या ठेवण्याची ही लोखंडी पेटी. ती दिवाणजींच्याही हाताबाहेर असते, म्हणून चोराने दिवाणजींना फितविले तरी पेटीतल्या किल्ल्या त्याच्या हाती लागत नाहीत. तपासणीत आमच्याकडे पेटीच नाही असे निघाले. भाचीने संगणक पुन्हा सुरू करून त्याच्या मूळ निळ्या पडद्यावर काही खटपट केली, तेव्हा पेटी होती असे कळले, फक्त बंद करून ठेवलेली होती! हे पुष्कळ संगणकांत आढळते, तेव्हा नुसत्या पहिल्या नकारावर जाऊ नये.

आनंद फार टिकला नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो, थोडे अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. ती पिढी २०१७ साली आली. आमचा सहाव्या पिढीचा. छत्तीस गुण जुळावेत आणि सगोत्र निघावे तसे झाले.

कोपऱ्यावर संगणक-दुरुस्तीचे दुकान आहे. तिथला तरुण म्हणाला, "काका, काळजी सोडा. तपासणी चुकवून चढवून देतो. दीड हजार." हे होते, आणि करणारे करतातही. भाचीने मात्र मान हलविली. अपात्र संगणकावर चढविलेल्या विंडोज ११ ला पुढच्या दुरुस्त्यांचा हक्क नाही, असे कंपनीने लेखी सांगून ठेवले आहे. "मामा, ज्या रतिबासाठी एवढा खटाटोप, त्याचीच खात्री नसेल तर दीड हजार कशाचे?" मला पटले.

नवा संगणक घ्यावा, तर साधारण बरा म्हटला तरी चाळीस-पन्नास हजारांची बात. शिवाय तेव्हा पितृपंधरवडा चालू होता आणि त्या पंधरा दिवसांत आमच्या घरात नवी चप्पलही येत नाही. सौ.च्या या नियमाला मी एरवी हसतो. या खेपेस त्याने विचार करावयास उसंत दिली.

तिसरी वाट लिनक्सची. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली जे सुरू केले त्याच्यावर आज निरनिराळ्या नावांच्या सिस्टिम्स उभ्या आहेत. त्यांतली 'मिंट' ही विंडोजला सरावलेल्या माणसाला जवळची वाटते. तिला पैसे पडत नाहीत आणि जुन्या यंत्रावर ती हलकी चालते. तिची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. संगणकातल्या एकाही फाईलला हात न लावता. मुलगी पाहून यावी, सुपारी नंतर फोडावी. भाचीने पेन ड्राइव्ह लावला, मी तासभर खेळलो. बँक उघडली, मराठी टंकता आले, प्रिंटर तिने आपणहून ओळखला, स्कॅनर काही ओळखला नाही. सोसायटीचे हिशेब ज्या पॅकेजात आहेत ते फक्त विंडोजवर चालते, तेही अडले.

पुरणपोळी झाल्यावर भाचीने सुपारी कातरता कातरता विचारले, "मामा, या संगणकात असे काय आहे जे दुसरीकडे कुठेच नाही?"

वीजबिले कंपनीकडे असतात, बँकेचे उतारे बँकेत. लग्नाचे फोटो मुलीकडेही आहेत. भिशीचा हिशेब सौ.च्या वहीत, आणि ती वही संगणकाहून विश्वासाची. मी एकेक रद्द करीत गेलो आणि शेवटी एकच चीज उरली. आमच्या वडिलांच्या आठवणी.

वडील पोस्टात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी शाईच्या पेनाने दोन वह्या भरल्या आणि १९९९ साली त्या एका टंकलेखनाच्या दुकानातून संगणकावर उतरवून घेतल्या. एकशे चाळीस पाने. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते पाटणला होते; त्या दिवशी रॉकेलच्या दिव्याशी बसून त्यांनी लोकांच्या तारा कशा लिहून घेतल्या, ते सगळे त्या पानांत आहे. वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून या संगणकावर, असा त्या मजकुराचा प्रवास झाला.

"मग ती फाईल पेन ड्राइव्हवर घेऊ," असे म्हणून भाचीने ती घेतली आणि स्वतःच्या लॅपटॉपवर उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, डॉलरची खूण, उद्गारचिन्हे यांचा नुसता काला!

"मामंजींनी हे लिहिले?" सौ. म्हणाली.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण माझी खात्री आहे की महाराष्ट्रात हजारो घरांत अशा फायली पडून आहेत. त्या काळी मराठी टंकण्याची जी पॅकेजे होती त्यांतली बहुतेक फाईलमध्ये मराठी अक्षर साठवीतच नसत. साठवीत ते इंग्रजी अक्षराचा क्रमांक. आणि त्या क्रमांकावर मराठी अक्षराचे चित्र काढणारा फॉन्ट वरून चढवीत. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसते. संगणक बदलताना आपण कागदपत्रे आठवणीने घेतो. फॉन्ट मात्र विंडोजच्या स्वतःच्या कपाटात असतो आणि तिथेच राहतो. नवी सिस्टिम कोरी चढविली की कपाट साफ. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःची एकशे अठ्ठावीस घरे राखून ठेवलेली आहेत, त्यामुळे आजचे मराठी टंकन या दुखण्यातून सुटले आहे. १९९९ च्या दुकानात ते पोचलेले नव्हते.

दुकानातल्या तरुणाने दीड हजारात चार तासांत काम उरकले असते, आणि बहुधा तो फॉन्ट पुसला गेला असता. फाईल शाबूत राहिली असती आणि वडिलांचे अक्षर न् अक्षर त्या काल्यात अडकून पडले असते.

मग आम्ही क्रम बदलला. आधी फॉन्टची फाईल कपाटातून काढून दोन ठिकाणी ठेवली. मग आठवणींची सर्व पाने, दिसतात तशी, पीडीएफ करून घेतली, म्हणजे निदान चित्र तरी राहील. त्यानंतर एका रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून मजकूर युनिकोडमध्ये आणला. हे प्रोग्रॅम चांगले असतात, पण रफार आणि पहिली वेलांटी यांच्यापुढे त्यांची दांडी उडते. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकीत आणि रफार नंतर. युनिकोडात दोन्हींचा क्रम उलटा. आमच्या पानांत 'वर्ष'चे जागोजाग 'वषर्' झाले होते. सर्व पाने ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पितृपंधरवड्यातल्या दुपारी अशा गेल्या. सौ. पीडीएफ मोठ्याने वाचे, मी युनिकोडात दुरुस्त करी. लग्नाला अडतीस वर्षे झाली, पण सासऱ्यांची ही पाने तिने कधी वाचलेली नव्हती. भूकंपाच्या प्रकरणात ती थांबली. तार करावयास आलेल्या एका बाईला पत्ता सांगता येईना, फक्त मुलगा मुंबईत गिरणीत आहे एवढेच ठाऊक, आणि वडिलांनी ती तार तरीही लिहून घेतली, पैसे स्वतः भरले. पत्ता काय घातला ते लिहिलेले नाही. आम्ही दोघांनी मागची-पुढची पाने पुन्हा चाळली. नाही.

पाने सुटल्यावर ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रश्न फार किरकोळ झाला. नुसत्या विंडोज १० वाल्यांसाठी कंपनीने वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची सोय जाहीर केली होती, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते लागे. मग एक तर तीस डॉलर एकरकमी भरा, नाही तर संगणकाची मांडणी आपल्या खात्यात जतन करू द्या, मग ती फुकट. आम्ही दसऱ्याला फुकटची घेतली. तेवढ्या अवधीत सोसायटीचे हिशेब नव्या खजिनदारांच्या हवाली करावयाचे आणि मग या संगणकावर लिनक्स चढवावयाचे, असे ठरले. स्कॅनर शेजाऱ्यांचा वापरू.

ज्यांचा संगणक पात्र असेल त्यांनी विंडोज ११ घ्यावी असेच मी सांगेन. आवडली नाही तर पहिल्या दहा दिवसांत जुन्या सिस्टिमवर परतता येते. नव्या संगणकावर ती कोरी चढविली आणि मायक्रोसॉफ्टचे खाते जोडले की ती बहुधा डिस्कला आपणहून कुलूप घालते. त्या कुलपाची अठ्ठेचाळीस आकडी किल्ली खात्यात असते, ती कागदावर उतरवून गोदरेजच्या कपाटात ठेवावी. आणि हे सर्व करण्यापूर्वी जुनी मराठी फाईल दुसऱ्याच्या संगणकावर एकदा उघडून पाहावी.

आठवणींची एक छापील प्रत ताईला पाठविली आहे. भूकंपाच्या वेळी ती अकरा वर्षांची होती आणि त्या रात्री पोस्टात वडिलांबरोबर बसली होती. तारेचा पत्ता तिला आठवतो का, ते विचारले आहे.