सशाची वाट, परकोटाची वळणं

सकाळी चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजात ऑटो, स्कूलबस आणि मोटारसायकली एकमेकांत अडकतात. कमानीशेजारी दगडात हत्तीवर स्वार झालेला सिंह कोरलाय. ती गोंड राजांची खूण. पण हॉर्न वाजवणाऱ्यांना वर बघायला सवड कुठे?

गोंडांची राजधानी आधी वर्धेकाठी बल्लारपूरला होती. पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळशहानं ती इथं आणली. दंतकथा अशी, की राजाच्या अंगावरचे फोड झरपट नदीच्या पाण्यानं बरे झाले. पुढे तिथंच एक ससा कुत्र्याच्या मागे धावताना त्याला दिसला. राणी म्हणाली, सशानं पळत जी वाट काढली, तिच्यावरच कोट बांधा.

परकोटावरून चालू लागलं, की सशाच्या जागी नद्या दिसू लागतात. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट, दक्षिणेला दोघींचा संगम. मधल्या उंचवट्याला भिंतीनं कवेत घेतलंय. तिला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे. शिवाय बगड, हनुमान, विठोबा, चोर, मसाण या पाच खिडक्या. मसाण खिडकीचं काम तिच्या नावातच आलं.

एका राजाच्या हयातीत हे उरकलं नाही. दरवाजांचं श्रेय हिरशहाला देतात, भिंत पुरी झाली ती धुंड्या रामशहाच्या काळात. राजधानी पोसायची तर मुलूख पिकायला हवा. म्हणून जंगल तोडून शेत करणाऱ्याला हिरशहा जमीन देई. तलाव बांधणाऱ्याला तर त्याचं पाणी पोचेल तेवढी. कोट आखलाही ऐसपैस; इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात भिंतीच्या आत शेतं असल्याची नोंद आहे.

पुढे भिंतीवर झुडपं माजली. 2017 पासून इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ती हटवायला घेतली. काम नाजूक. पिंपळाचं मूळ सांध्यात शिरून दगडाएवढं जाड झालेलं असतं. ओढलं तर चिराही हातात येतो. म्हणून ते उपटायचं नाही, थोडं थोडं कापायचं. झाडी निघाल्यावर वरची पायवाट मोकळी झाली, आता तिच्यावरून हेरिटेज वॉक निघतो.

इरई फुगली, की पठाणपुऱ्याबाहेरचा रस्ता बुडतो. अशा वेळी लोक दरवाजात येऊन उभे राहतात आणि पाणी कुठवर चढलं ते बघतात.