शरदातील मधपेट्या आणि ज्येष्ठांचे हात

तीन वर्षांपूर्वी, दसरा होऊन आठवडा झाला असेल, आमच्या तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक उजव्या मनगटाला ओला पंचा गुंडाळून माझ्या दवाखान्यात आले. वय ७३. मागोमाग त्यांची सून. तळपाट साफ करण्यासाठी मधपेटी एकट्याने उचलून बाजूला ठेवताना शेवाळावरून पाय घसरला आणि मनगटाचे हाड मोडले. शिवाय आदल्या दिवशी कोंदट खोलीत फॉर्मिक आम्ल ओतताना त्याची वाफ छातीत गेल्याने खोकल्याची ढास लागली होती, ती वेगळीच.

सून म्हणाली, "डॉक्टर, अण्णांना आता तुम्हीच सांगा. आमचं ऐकत नाहीत, पण तुमचा शब्द मोडायचे नाहीत."

मी फारसा विचार न करता सांगून टाकले, "गुरुजी, पुरे झाल्या आता त्या पेट्या."

गुरुजींनी शब्द मोडला नाही. सहाही पेट्या गावातल्या एका तरुणाला देऊन टाकल्या. मनगट दीड महिन्यात जुळले. पण संक्रांतीनंतर रक्तदाब तपासायला आले तेव्हा वजन चार किलोंनी घटले होते, झोप उडाली होती आणि एरवी मोकळेपणाने बोलणारा हा माणूस विचारले तेवढेच उत्तर देत होता. रक्ताच्या तपासण्यांत काही सापडले नाही. सून हळूच म्हणाली, "पूर्वी पहाटे उठून पेट्यांकडे जायचे. आता उठतात आणि भिंतीकडे बघत बसतात."

मी मनगटावर उपचार केले होते आणि माणसाचा दिवस काढून घेतला होता. ही चूक माझी. आपल्या घरातही मधपेट्या, बाग किंवा सुतारकामाची हत्यारे यांत रमणारे कोणी ज्येष्ठ असतील, तर 'बंद करा' म्हणण्यापूर्वी यातले नेमके कोणते काम धोक्याचे आहे, हा प्रश्न आधी विचारा. उत्तर बहुतेक वेळा 'सगळेच' असे नसते.

या दिवसांत पेट्यांना काय हवे असते

पावसाळा हा आपल्याकडे मधमाश्यांचा उपासमारीचा काळ. फुले कमी आणि बाहेर पडायला उघडीप नाही, त्यामुळे वसाहती क्षीण होतात. आश्विन-कार्तिकात ऊन पडते, रानफुले येतात आणि माश्या पुन्हा जोमाने वाढू लागतात. म्हणून वर्षातली महत्त्वाची कामे याच वेळी येतात. पेटीभोवतीचे गवत काढणे, तळपाटावरचा कचरा झाडणे, काळी पडलेली जुनी पोळी बदलणे, मेणकिड्याची जाळी दिसते का ते बघणे, राणी अंडी घालते आहे याची खात्री करणे, साठा कमी असल्यास साखरेचा पाक देणे, कुजलेल्या फळ्या व घोड्या दुरुस्त करणे आणि माइट मोजणे.

यांतली बरीचशी कामे डोळ्यांची आणि अनुभवाची आहेत, बळाची नाहीत. बळ लागते ते उचलताना. युरोपीय मेलिफेरा माशीची भरलेली खालची पेटी २५-३० किलोंच्या घरात जाते. आपली सातेरी माशी लहान पेटीत राहते, तरी वाकून उचलणे कमरेला वाईटच. ज्येष्ठांनी पेटी उचलू नये. एकेक चौकट काढून रिकाम्या पेटीत ठेवावी. भरलेली चौकटही दोन-तीन किलोंपेक्षा फारशी जड नसते. घोडी कमरेच्या उंचीची करून घ्यावी आणि शेजारी पाठ टेकता येईल अशी खुर्ची असावी.

काम सकाळी आठ ते दहा या वेळात आटोपावे. ऑक्टोबरचे ऊन, अंगभर पोशाख आणि तोंडावर जाळी यांत घाम फार जातो. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी किंवा प्रोस्टेटची गोळी घेणाऱ्यांना वाकून एकदम उठताना चक्कर येऊ शकते. आधी पाणी प्यावे, उठताना आधार धरावा. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून पायाखालची जमीन नीट दिसत नाही आणि वर जाळी आली की आणखीच अंधुक होते. म्हणून वाट सपाट व शेवाळरहित असणे अत्यावश्यक आहे.

माइट: मोजणी आजोबांची, आम्ल तरुणांचे

व्हरोआ हा तांबूस-तपकिरी रंगाचा, जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीचा माइट, गोचिडीच्या दूरच्या भाऊबंदांपैकी. तो माशीच्या अंगाला चिकटतो आणि मेणाने बंद केलेल्या पिलाव्याच्या घरांत वाढतो. त्यामुळे माश्या दुबळ्या निपजतात, पंख वेडेवाकडे होतात आणि विषाणू पसरतात. सातेरीचे आणि या माइटचे नाते जुने आहे. सातेरी स्वतःचे अंग झाडून त्याला काढते आणि तिच्याकडे तो मुख्यतः नरांच्या घरांतच वाढतो. मेलिफेराला मात्र तो वसाहत बुडवेपर्यंत छळतो.

मोजणीची सोपी रीत अशी. अर्धा कप, म्हणजे सुमारे तीनशे माश्या, राणी त्यांत नाही हे पाहून जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्याव्यात. दोन चमचे पिठीसाखर टाकून मिनिटभर बरणी हळूहळू फिरवावी, थोडे थांबावे आणि पांढऱ्या ताटलीवर झटकावे. साखरेबरोबर माइट खाली पडतात. माश्या जिवंत पेटीत परत जातात. तीनशे माश्यांमागे नऊच्या आसपास माइट आले, म्हणजे शंभरी तीन, तर उपाय लांबवू नये. ताटली पडवीत आणून भिंग घेऊन मोजणे हे बसून करण्याचे काम आहे आणि त्यात नातवंडेही आनंदाने सामील होतात.

रसायनाविना करता येणारा एक उपाय म्हणजे नरांचे पोळे. माइटला नरांची घरे अधिक आवडतात. ती मेणाने बंद झाली की तेवढा तुकडा कापून काढायचा. त्याबरोबर बरेच माइटही जातात.

फॉर्मिक आणि ऑक्झॅलिक आम्लाचे उपाय परिणामकारक आहेत, पण ते माणसाला माफ करणारे नाहीत. साधा कापडी मास्क आम्लाची वाफ अडवत नाही. दमा, दीर्घकालीन श्वसनविकार किंवा हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांनी त्या वेळी जवळ उभेही राहू नये. हे काम घरातल्या तरुणाने उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, आम्लरोधक हातमोजे, डोळ्यांना घट्ट बसणारा चष्मा आणि वाफ अडवणारा मास्क लावून, बाटलीवरील सूचनेप्रमाणे करावे. शेजारी पाण्याची भरलेली बादली हवीच. डोळ्यात थेंब उडाला तर वाहत्या पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावे आणि मग डॉक्टरांकडे जावे, आधी नव्हे. कडक उन्हात फॉर्मिक आम्ल भराभर उडते आणि माश्याही मरतात. तसेच मधाच्या कोठ्या चढवण्यापूर्वीच हा उपचार संपवावा.

आणखी एक विनवणी. आम्ल कधीही थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. नजर अधू झालेल्या माणसाने ती चुकून तोंडाला लावली तर अन्ननलिका जळते. असे घडलेच तर उलटी करवू नका. तोंड धुऊन थेट रुग्णालय गाठा.

पेटीखालचा दुसरा माइट

मधमाशीचा माइट माणसाला रोग देत नाही. पण पेटीभोवती वाढलेल्या ओल्या गवतात दुसऱ्याच जातीच्या माइटची अळी असते आणि तिच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. २०१८ साली नागपूर व विदर्भाच्या काही भागांत या आजाराने लोक दगावले होते. पावसाळा आणि त्यानंतरचे महिने हाच त्याचा काळ. गवतात काम केल्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर काख, जांघ, कंबर, स्तनांखालची जागा येथे विडीचा चटका बसल्यासारखा काळा डाग आहे का ते बघा. तो दुखत नसल्याने ज्येष्ठांना स्वतःला कळतही नाही. डाग नसला तरी 'गवतात काम केले होते' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने हा आजार बरा होतो. उशीर मात्र जिवावर बेततो. गवत कापताना बूट व पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि घरी येताच अंघोळ करून कपडे बदलावेत. पेटीखाली साप-विंचू आश्रय घेतात, म्हणून हात घालण्यापूर्वी काठीने चाचपावे.

मुंग्यांसाठी घोडीच्या पायांखाली ठेवलेल्या पाण्याच्या वाट्याही विसरू नका. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो. आठवड्यातून एकदा वाट्या घासून, कोरड्या करून पुन्हा भराव्यात.

पडवीतली हत्यारे

मधपेटी सांभाळणारा माणूस अर्धा सुतार असतो. करवत, रंधा, पटाशी, हातोडी, पक्कड हे सारे त्याच्या पडवीत असते. हात थरथरत असतील तर विजेवर चालणारी करवत बाजूला ठेवावी. हातकरवतीने काम हळू होते, पण बोट शाबूत राहते. फळी पायाने दाबून न धरता शिकंज्यात घट्ट आवळावी. खिळा ठोकताना तो बोटांत न धरता पकडीत धरावा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. लाकडाचा भुसा व जुन्या रंगाची पूड छातीत जाऊ नये म्हणून घासकाम उघड्यावर, नाकाला मास्क लावून करावे. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी स्वच्छ पट्टी हाताशी ठेवावी. जखम दहा मिनिटे सलग दाबून धरूनही रक्त थांबले नाही तर दवाखाना गाठावा. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी लागते. शेवटची केव्हा घेतली, हे आज घरी विचारून पाहा.

खरोखर कोणी थांबावे

माशी चावली की काटा त्वचेत राहतो आणि विष सोडत राहतो. नखाने असो वा चिमटीने, तो चटकन काढणे महत्त्वाचे. त्या जागी सूज व खाज येणे स्वाभाविक आहे. थंड पाण्याची पट्टी पुरते.

पण चाव्यानंतर अंगभर गांधी उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप, उलट्या, चक्कर किंवा शुद्ध हरपणे ही अ‍ॅनाफिलॅक्सिसची लक्षणे आहेत. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवा, धाप असेल तर टेकून बसवा. उभे करून चालवू नका. १०८ ला फोन करा आणि जवळच्या दवाखान्यात न्या. मांडीत दिलेले अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हा खरा उपचार आहे. अ‍ॅलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. बरे वाटल्यावरही काही तास देखरेखीखाली राहावे, कारण लक्षणे पुन्हा उलटू शकतात. अनेक माश्या एकदम चावल्या तर अ‍ॅलर्जी नसतानाही मूत्रपिंडांना इजा होते, म्हणून तेव्हाही रुग्णालयच.

अशी प्रतिक्रिया एकदाही आलेल्या व्यक्तीने पेट्यांपासून दूर राहावे. बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या घेणाऱ्यांत अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम कमी पडू शकतो. त्यांनी पेटी उघडण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, मात्र गोळी स्वतःहून बंद करू नये. आणि कोणीही, कितीही जाणकार असो, एकट्याने पेटी उघडू नये.

जोडीचा हात

त्या संक्रांतीनंतर मी गुरुजींच्या घरी गेलो आणि दिलेला शब्द मागे घेतला. त्या तरुणाने दोन पेट्या आनंदाने परत केल्या. पुण्यात १९६२ पासून मधमाश्यांचे केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. नातू तेथे शिकून आला. आता उचलणे व आम्ल नातवाकडे, गवत कापणे मुलाकडे. राणी ओळखणे, माइट मोजणे, चौकटी जुळवणे आणि 'आज पेटी उघडायची की नाही' हा निर्णय गुरुजींकडे.

त्यांची एक वही आहे. तारीख, राणी दिसली का, पाक किती दिला, माइट किती, असे रकाने आखलेले. सुनेने त्यात शेवटी आणखी एक रकाना आखला आहे: अण्णांचा रक्तदाब. मागच्या खेपेस त्यांनी ती वही माझ्यापुढे ठेवली. माइटचा आकडा चार होता आणि रक्तदाब १३४/८०. मी रक्तदाबाविषयी बोलू लागलो, तर गुरुजी म्हणाले, "ते राहू द्या डॉक्टर, आधी माइटचा आकडा बघा."

वजनही पूर्वीवर आले आहे.